खलबत्त्यातली गोळी

आमच्या घरी खलबत्ता वाजतो तो वेलदोड्यांसाठी, नाहीतर चहातल्या आल्यासाठी. त्यामुळे गेल्या वर्षी नवरात्राच्या सुमारास रोज रात्री जेवणं झाल्यावर स्वयंपाकघरातून ठकठक ऐकू यायला लागली, तेव्हा मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. आई काहीतरी कुटताहेत, एवढंच. आई म्हणजे माझ्या सासूबाई. सहा महिन्यांच्या व्हिसावर साताऱ्याहून बर्मिंगहॅमला आलेल्या, बॅगेत गोडा मसाला, कुरडया, मेतकूट आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात सहा महिन्यांची औषधं.

महिनाभरात आईंचं पोट बिघडलं. रात्री दोनदा-तीनदा उठायच्या, सकाळी मळमळ, चहासुद्धा नकोसा. आम्ही आधी इथल्या थंडीला दोष दिला, मग पाण्याला, मग बाहेरून आणलेल्या पनीरला. त्यात आणखी एक कोडं होतं. साखर तपासायच्या यंत्रावर संध्याकाळचा आकडा वर वर चालला होता. "अगं, गोड खात नाही मी," त्या म्हणायच्या. खरंच खात नव्हत्या. दसऱ्याला श्रीखंडसुद्धा चमचाभरच घेतलं होतं.

एका रात्री मी पाणी प्यायला उठले, तर ओट्यावर खलबत्ता आणि तळाशी पांढरी पूड. विचारलं तर आई आधी गप्प राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "ती साखरेची मोठी गोळी पचतच नाही मला. अख्खीच्या अख्खी बाहेर पडते. दोनदा बघितलं मी. एवढं पैशाचं औषध वाया जातं, म्हणून कुटून मधातून घेते."

"मग मला सांगायचं नाही का?"

"असलं काय सुनेला सांगायचं?"

मी एम.ए. मराठी. लग्नाआधी आणि नंतरही काही वर्षं साताऱ्यातल्या शाळेत शिकवलं. "शंका मनात ठेवायची नाही, विचारायची," हे वाक्य मी वर्गात किती वेळा म्हटलं असेल त्याला गणती नाही. आणि माझ्याच घरात महिनाभर रोज रात्री गोळी कुटली जात होती, तरी मी एकदाही विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गोळ्यांची पट्टी घेऊन आमच्या कोपऱ्यावरच्या फार्मसीत गेले. तिथल्या फार्मासिस्ट बाईंनी पट्टीवरचं नाव वाचलं. मेटफॉर्मिन, आणि पुढे 'एसआर' ही दोन अक्षरं. त्या हसल्या नाहीत, हे मला फार बरं वाटलं. म्हणाल्या, "हे मी वर्षातून बरेचदा ऐकते. बाहेर पडलं ते औषध नव्हतं. औषध केव्हाच अंगात गेलं होतं. बाहेर पडलं ते रिकामं टरफल. तुमच्या सासूबाई कुटतात तेव्हा चोवीस तासांचं औषध एकदम सुटतं. म्हणून रात्री पोट बिघडतं, आणि दुसऱ्या संध्याकाळपर्यंत पुरायला काही उरत नाही."

घरी येताना डोक्यात एकच प्रश्न होता. असं कसलं टरफल, की जे पोटातल्या आम्लातही विरघळत नाही, चोवीस तास औषध धरून ठेवतं आणि थोडं थोडं सोडतं? शोधत गेले तेव्हा लक्षात आलं, की त्याचे नातेवाईक माझ्याच फडताळात बसलेत.

पिठल्यातली गुठळी

पिठल्यात गुठळी का होते? बेसन उकळत्या पाण्यात पडलं, की गोळ्याच्या बाहेरचा थर लगेच भिजतो, फुगतो आणि चिकट होतो. मग तोच चिकट थर पाण्याला आत जाऊ देत नाही. गुठळी फोडा, आत कोरडं पीठ सापडतं. आपण जिला सुगरणीची चूक म्हणतो, ती औषधशास्त्रात युक्ती आहे. सावकाश काम करणाऱ्या बऱ्याच गोळ्या अशाच असतात. औषधाची पूड एखाद्या फुगणाऱ्या पदार्थात मिसळून गोळी दाबतात. पोटात गेल्यावर बाहेरचा थर जेलीसारखा होतो, पाणी आत शिरायला वेळ लागतो, आणि औषध त्या जेलीतून वाट काढत हळूहळू बाहेर येतं. औषध संपल्यावरही ती जेली काही वेळा तशीच राहते, गोळीच्याच आकाराची. आईंनी बघितली ती हीच.

हा फुगणारा पदार्थ म्हणजे पॉलिमर. शाळेच्या पुस्तकात त्याला बहुवारिक म्हणायचे. नाव अवघड, गोष्ट सोपी: छोट्या मण्यांची लांबलचक माळ. प्लॅस्टिक हाही पॉलिमरच, पण आपल्या स्वयंपाकघरातल्या पॉलिमरचे मणी साखरेच्या जातीचे असतात आणि त्यांना पाण्याची भारी ओढ.

हॅंड्सवर्थला सोहो रोडवर मी दिवाळीचं सामान आणायला जाते, तेव्हा आता ती यादी वेगळ्या नजरेने वाचते. लाडवासाठी डिंक. फालुद्यासाठी सब्जा, पाण्यात टाकला की दहा मिनिटांत प्रत्येक दाण्याभोवती काचेसारखं वलय. इसबगोल, इथल्या फार्मसीत 'फायबोजेल' नावाने मिळतो तो याच भुशीचा. कतिरा गोंद, रात्रभर भिजवला तर वाटीभर जेली. मेथीदाणे, अळशी. भेंडी, जिच्या तारेवरून प्रत्येक नव्या नवरीची परीक्षा होते. गवार, जिच्या बियांपासून गवार गम होतो आणि जिच्या उत्पादनात भारत जगात पहिला, मुख्यतः राजस्थानच्या जोरावर. चिंचोका, ज्याची खळ विणकर सुताला देत आले. चायना ग्रास, जी समुद्रातल्या शेवाळापासून होते. आणि संत्र्या-लिंबाची साल, जिच्यातल्या पेक्टिनमुळे मार्मालेड जमतं.

यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीवर औषधशास्त्राच्या प्रयोगशाळांमध्ये काम झालं आहे. आणि त्यातल्या बऱ्याच कामाचा विषय आहे तरंगणारी गोळी.

भज्यासारखी वर येणारी

गोळी तरंगायला कशाला हवी? त्यासाठी आधी पोटाचं वेळापत्रक बघावं लागतं.

जठराला खाली एक दार आहे. आपण जेवलेलो असतो तेव्हा ते दार अन्न बारीक झाल्याशिवाय पुढे सोडत नाही. पण पोट रिकामं असलं, की साधारण दर दीड-दोन तासांनी जठरातून आतड्याकडे एक जोरदार लाट जाते. ती उरलंसुरलं सगळं झाडून पुढे ढकलते. डॉक्टर मंडळी तिला घर झाडणारी लाट म्हणतात. गोळी त्या झाडूत सापडली, तर तीही गेली. पुढे लहान आतड्यातून जायला साधारण तीन-चार तास लागतात. आता काही औषधं अशी आहेत, की ती फक्त लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातूनच नीट शोषली जातात. मेटफॉर्मिन बहुतांशी तसंच. कंपवातावरचं लेव्होडोपा तसंच. गोळी ते ठिकाण ओलांडून गेली, तर उरलेलं औषध अंगी न लागता वाहून जातं. मुक्कामाचं गाव मागे पडलं आणि एस.टी. पुढे निघून गेली, तसं.

म्हणून गोळीला जठरातच थोपवून धरायचं आणि तिथून थोडं थोडं औषध पुढे पाठवायचं, अशी कल्पना निघाली. थोपवायचा एक उपाय म्हणजे ती तरंगत ठेवणं. दार खाली, गोळी वर. जठरातल्या द्रवाची घनता पाण्याहून जेमतेम जास्त. गोळीची घनता त्याहून कमी झाली, की ती वर राहते.

ती कमी कशी करायची? इथे आपली भजी आठवा. तेलात सोडलं की भजं आधी तळाशी बसतं, मग आत वाफ धरते आणि ते वर येतं. तरंगणाऱ्या गोळीत फुगणाऱ्या पॉलिमरसोबत खायचा सोडा घालतात. जठरातल्या आम्लाशी गाठ पडली, की सोड्यातून कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे सुटतात. नुसती सोड्याची गोळी असती तर बुडबुडे उडून गेले असते. पण भोवती डिंकासारखी जेली असल्यामुळे ते अडकतात, गोळी फुगते आणि वर येते. गोळी पाण्यात पडल्यापासून वर येईपर्यंतचा वेळ संशोधक घड्याळ लावून मोजतात आणि नंतर ती किती तास वर राहते तेही मोजतात.

या बुडबुड्यांचा आपल्या गावाशी संबंध आहे. सोहो रोडपासून चार पावलांवर सोहो हाउस आहे, मॅथ्यू बोल्टन यांचं घर, आता संग्रहालय. अठराव्या शतकात इथल्या लूनर सोसायटीची विद्वान मंडळी एकमेकांच्या घरी पौर्णिमेच्या आसपास जमायची, रात्री परतताना चांदणं असावं म्हणून. त्यातले एक जोसेफ प्रीस्टली. त्यांनी बर्मिंगहॅमला येण्याआधी, लीड्समध्ये असताना, दारूच्या भट्टीवर साठणारा वायू पाण्यात मिसळून फसफसणारं पाणी केलं होतं आणि १७७२ साली त्याची कृती छापली. तो वायू म्हणजेच कार्बन डायऑक्साइड. १७८० मध्ये ते इथे आले आणि १७९१ च्या दंगलीत जमावाने स्पार्कब्रुकमधलं त्यांचं घर आणि प्रयोगशाळा जाळली, तेव्हा गाव सोडून गेले. औषधाची गोळी तरंगवायची कल्पना त्यांच्या स्वप्नातही नसेल. पण तिला वर आणणारा बुडबुडा त्यांच्याच ओळखीचा.

आणखी एक गंमत सांगते. तरंगणाऱ्या गोळीची सुरुवातीची एक कल्पना पोटासाठी नव्हतीच, तोंडासाठी होती. गोळी गिळताना ज्यांना ठसका लागतो, त्यांच्यासाठी पाण्याहून हलकी गोळी करावी, म्हणजे ती घोटाबरोबर तोंडात तरंगेल आणि सहज गिळली जाईल, असं एक अमेरिकन पेटंट १९६८ सालचं आहे. गोळी घशाखाली न उतरणं ही अडचण एकट्या आमच्या आईंची नाही.

फराळानंतरचा तराफा

तरंगणाऱ्या नैसर्गिक पॉलिमरचं सगळ्यांत घरगुती उदाहरण या देशात बहुतेकांच्या कपाटात असतं, आणि दिवाळीत तर हमखास बाहेर निघतं. चकल्या, शंकरपाळे, चिवडा, वरून मंडळाच्या कार्यक्रमातलं रात्री दहाचं जेवण. मग घरी येऊन आडवं झालं, की छातीत जळजळ. आणि मग गॅव्हिस्कॉनची बाटली.

मी इतकी वर्षं समजत होते, की ते घट्ट पांढरं औषध म्हणजे पोटातलं आम्ल मारणारं काहीतरी. त्यात थोडं तेही आहे, पण मुख्य काम वेगळं. साध्या गॅव्हिस्कॉनच्या १० मिलीलिटरमध्ये ५०० मिलिग्रॅम सोडियम अल्जिनेट असतं, सोबत खायचा सोडा आणि कॅल्शियम कार्बोनेट. अल्जिनेट हे तपकिरी समुद्री शेवाळातून मिळतं. एडवर्ड स्टॅनफर्ड या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने १८८१ च्या सुमारास स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरच्या शेवाळातून ते वेगळं केलं.

पोटात गेल्यावर आम्लामुळे अल्जिनेटची जेली होते. कॅल्शियम तिच्या माळा एकमेकींना बांधतं. हे बांधणं कसं असतं, ते सांगताना शास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये अंड्यांच्या ट्रेची उपमा वापरली: दोन माळांच्या खाचा समोरासमोर येतात आणि प्रत्येक खाचेत कॅल्शियमचा एक कण अंड्यासारखा बसतो. सोड्याचे बुडबुडे त्या जेलीत अडकतात, आणि जेवणावर एक फेसाळ तराफा तरंगायला लागतो. अन्ननलिकेकडे आम्ल उसळून आलं, तर आधी हा तराफा आडवा येतो. म्हणून ते जेवणानंतर आणि झोपण्यापूर्वी घ्यायचं असतं. उपाशीपोटी घेतलं तर तराफ्याला तरंगायला खाली काही नसतं, आणि तो लवकर पुढे निघून जातो.

दोन गोष्टी मात्र बाटलीमागच्या बारीक अक्षरांत असतात आणि आपण वाचत नाही. एक, त्यात सोडियम बरंच असतं, १० मिलीलिटरमध्ये १४० मिलिग्रॅमच्या आसपास. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी ज्यांना मीठ कमी करायला सांगितलंय, त्यांनी ते पाण्यासारखं पीत राहू नये. दुसरं, इतर औषधं आणि हे यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवावं, नाहीतर दुसऱ्या औषधाच्या कामात अडथळा येऊ शकतो.

पुण्याची बुंदी

आपल्याकडे हा विषय किती मुरलाय, हे मला माझ्या मामेबहिणीमुळे कळलं. ती एम.फार्म. करत होती तेव्हा तिच्या प्रबंधाचा विषय होता तरंगणारी गोळी आणि चिंचोक्याचा डिंक. खलबत्त्याचा किस्सा तिला फोनवर सांगितला, तेव्हा तिने मला प्रयोगशाळेतला तिचा दिवस सांगितला. ९०० मिलीलिटर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल, ३७ अंश तापमान, त्यात हळू फिरणारं वल्हं. हे झालं खोटं पोट. त्यात गोळी टाकायची आणि घड्याळ घेऊन बघत बसायचं. "ताई, पहिल्या गोळ्या सगळ्या तळाशी बसल्या. सोडा वाढवला तर वर येऊन फुटल्या. डिंक वाढवला तर औषधच सुटेना. तुझा दिवाळीचा पाक आणि माझी गोळी, दोघींचं दुखणं एकच." महाराष्ट्रात फार्मसीची महाविद्यालयं गावोगावी झाली, आणि असे घड्याळ लावून बसलेले विद्यार्थीही.

तिनेच मला पुण्याच्या एका कामाबद्दल सांगितलं. भारती विद्यापीठाच्या पूना कॉलेज ऑफ फार्मसीमधले डॉ. आत्माराम पवार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये युरोपातल्या एका नामांकित औषधशास्त्राच्या नियतकालिकात ते प्रसिद्ध केलं. प्रश्न असा: संधिवाताच्या रुग्णांचे सांधे पहाटे आणि सकाळी सगळ्यांत जास्त आखडतात आणि दुखतात. झोपताना घेतलेल्या साध्या गोळीचा असर तोवर ओसरलेला असतो. पहाटे चारला उठून गोळी कोण घेणार? मग रात्री घेतलेलं औषध पोटात थांबून राहिलं आणि वेळ आल्यावर एकदम सुटलं तर?

त्यांनी जे केलं ते ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर बुंदीच आली. पेक्टिनच्या द्रावणात डायक्लोफिनॅक हे दुखण्यावरचं औषध आणि खायचा सोडा मिसळायचा. ते मिश्रण कॅल्शियम आणि आम्ल असलेल्या पाण्यात थेंब थेंब सोडायचं. झाऱ्यातून तेलात पडणारं बेसन जसं गोल होऊन धरतं, तसा पेक्टिनचा प्रत्येक थेंब कॅल्शियममुळे बाहेरून बांधला जातो. त्याच क्षणी आत सोडा आणि आम्ल भेटतात, बुडबुडे होतात आणि मणी आतून पोकळ, सच्छिद्र होतो. असे मणी प्रयोगशाळेतल्या आम्लात तासन्‌तास तरंगत राहिले, आणि तरंगत असताना त्यांनी औषध फारसं सोडलं नाही. आतड्यासारख्या, आम्ल नसलेल्या द्रवात गेल्यावर मात्र ते पटकन सुटलं. सशांवर केलेल्या चाचणीत मणी पाच तासांपर्यंत जठरात राहिलेले दिसले.

हे संशोधन आहे, दुकानात मिळणारी गोळी नव्हे, आणि ससा म्हणजे माणूस नव्हे. पण संत्र्याच्या सालीतही असणारा एक पदार्थ, कॅल्शियम आणि खायचा सोडा एवढ्या साध्या सामानातून पहाटेचं गजराचं घड्याळ करता येईल, असं पुण्यात बसून कुणाला तरी सुचलं, याचं मला कौतुक वाटलं.

बाजारापर्यंत पोचलेलं भारतीय उदाहरणही आहे. रॅनबॅक्सी कंपनीने सिप्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाची दिवसातून एकदाच घ्यायची तरंगणारी गोळी तयार केली. तिच्या तंत्राला २००१ मध्ये अमेरिकन पेटंट मिळालं. त्यात शेवाळातलं अल्जिनेट आहे, झॅन्थन गम आहे, जो जिवाणूंकडून तयार करून घेतात, आणि आपला खायचा सोडा आहेच.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक?

हे सगळं मी जेवणाच्या टेबलावर सांगितलं तेव्हा आईंचा चेहरा खुलला. "म्हणजे डिंक आणि इसबगोलच की! मग त्या गोळीऐवजी मी मेथीच भिजवून खाते." हा प्रश्न बऱ्याच घरांत येतो, म्हणून थोडं थांबून सांगते.

या गोळ्यांमध्ये डिंक हे औषध नाही. तो औषधाचा पहारेकरी आहे. औषध केव्हा आणि किती सोडायचं ते तो ठरवतो. पहारेकरी कितीही ओळखीचा असला, तरी तिजोरीत काय आहे ते त्याच्यावरून ठरत नाही. मेथी खाऊन मेटफॉर्मिन सोडता येत नाही.

दुसरं, निसर्ग माप पाळत नाही. एका झाडाचा डिंक दुसऱ्या झाडासारखा नसतो, पावसाळ्यातला उन्हाळ्यातल्यासारखा नसतो. लाडवाला ते चालतं, पण चोवीस तासांची वेळ पाळायची असेल तर नाही. नैसर्गिक पदार्थात बुरशी आणि जंतू लवकर धरतात, तेही बघावं लागतं. म्हणून इतकं संशोधन होऊनही बाजारातल्या बऱ्याच गोळ्यांमध्ये हायप्रोमेलोज असतं: झाडाच्याच सेल्युलोजवर रासायनिक प्रक्रिया करून मापात बसवलेलं पॉलिमर. लेव्होडोपाची रोश कंपनीची तरंगणारी कॅप्सूल अशाच पदार्थावर चालते. म्हणजे मूळ निसर्गातलं, शिस्त कारखान्यातली.

तिसरं, जिलेटिनही नैसर्गिक पॉलिमरच, पण ते जनावरांच्या हाडा-कातड्यातून येतं. चातुर्मास पाळणाऱ्या आपल्या ज्येष्ठांना कॅप्सूलचं आवरण कशाचं आहे हे जाणून घ्यायचं असतं, आणि समजलं की काही जण गुपचूप औषधच बंद करतात. हेही फार्मासिस्टला विचारता येतं. अनेकदा तेच औषध गोळीच्या किंवा पातळ रूपात मिळतं.

या बाबतीत मला आपल्याच गावातले एक डॉक्टर आठवतात. विल्यम विदरिंग, लूनर सोसायटीतलेच. बर्मिंगहॅमच्या जनरल हॉस्पिटलमध्ये काम करत असताना त्यांनी फॉक्सग्लोव्ह या फुलझाडाचा अभ्यास केला. अंगाला आलेली सूज उतरवण्यासाठी ते झाड घरगुती औषधांत वापरलं जात होतं. पण तेच झाड थोडं जास्त झालं तर जीव घेतं. विदरिंग यांनी वर्षानुवर्षं रुग्णांच्या नोंदी ठेवल्या, पानांची पूड किती द्यायची, केव्हा थांबवायची ते ठरवलं, आणि १७८५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. औषध झाडात होतंच. त्यांनी त्याला माप दिलं. आईंच्या गोळीतलं टरफल हेही एक मापच होतं, आणि आम्ही ते खलबत्त्यात कुटत होतो.

एवढं कराच

आपल्याकडे दर उन्हाळ्यात आणि दिवाळीत आई-वडील, सासू-सासरे येतात, सोबत औषधांचा डबा येतो. डबा उघडून बसा आणि नावापुढची अक्षरं वाचा. एसआर, एक्सआर, ईआर, सीआर, ओडी, आणि इथल्या औषधांवर एमआर, पीआर, एक्सएल, एलए. ही अक्षरं दिसली, की गोळी सहसा सावकाश काम करणारी असते. ती कुटायची नाही, चावायची नाही. मध्ये रेघ असलेल्या काही गोळ्या अर्ध्या करता येतात, पण तेही विचारूनच. अक्षरं नसली म्हणजे कुटायला मोकळीक, असंही नाही, म्हणून प्रत्येक वेळी विचारलेलं बरं. फार्मासिस्टला विचारायला इथे पैसे पडत नाहीत, भेटीची वेळ घ्यावी लागत नाही, आणि पाहुण्यांच्या औषधाबद्दल विचारलं म्हणून कुणी रागावत नाही.

गोळी बसून घ्यायची, भरपूर पाण्याबरोबर. जेवणानंतर घ्या म्हटलं असेल तर जेवणानंतरच, कारण पोटात काही असेल तरच फुगणाऱ्या-तरंगणाऱ्या गोळीला थांबायला जागा मिळते. घेतल्या घेतल्या आडवं व्हायचं नाही. इसबगोलही पेलाभर पाण्याबरोबरच घ्यायचा आणि अगदी झोपताना नाही, कारण तो पोटात फुगायच्या ऐवजी घशात फुगला तर पंचाईत.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं, गोळी घशाखाली उतरत नसेल, ती बाहेर पडताना दिसली असेल, पोट बिघडत असेल, तर ते मोकळेपणी बोलता येईल असं घर ठेवा. सुनांनो, लेकींनो, मुलांनो, तुम्हीच आधी विचारा. "औषध घेतलं का?" हा प्रश्न आपण रोज विचारतो. "कसं घेता?" हे मी महिनाभर विचारलं नाही.

आईंच्या साताऱ्याच्या डॉक्टरांशी आम्ही फोनवर बोललो. त्यांनी ती मोठी गोळी बंद करून लहान, साध्या गोळ्या जेवणाबरोबर दोन वेळा विभागून दिल्या. आठवड्याभरात पोट ताळ्यावर आलं, पंधरा दिवसांत संध्याकाळचा आकडाही. दिवाळीला आईंनी स्वतः झारा हातात घेऊन बुंदी पाडली. एक कळी उचलून दोन बोटांत दाबली, आत पोकळ. "हीच ना गं तुझी पुण्याची गोळी?" म्हणाल्या.

आता त्या परत साताऱ्याला गेल्या आहेत. परवा फोनवर सांगत होत्या, की भजनी मंडळात त्यांनी सगळ्यांना आपापल्या औषधांचे डबे घेऊन बोलावलं होतं. चौदा जणींमध्ये तिघी गोळी कुटून घेत होत्या. एकीचं कारण तेच, अख्खी बाहेर पडते म्हणून. तिने आजवर ते कुणालाच सांगितलं नव्हतं.

आमचा खलबत्ता सध्या फक्त वेलदोड्यांसाठी आहे.